खालचा बाण

साखळीच्या बाजारात, मिठाच्या गोदामावर,
आमच्या काजू सोसायटीची एक खोली आहे.
संगणकाला माउस आहे, पण तो माझ्या कामाचा नाही.
पंख्याने उडू नयेत म्हणून
पिएदाद त्याच्याखाली पावत्या दाबून ठेवते.

मी कळांवर चालते.
कानात एक बाई बोलते. शिकलेली असावी,
'ण' नीट म्हणते, 'पिएदाद'ला मात्र अडखळते.
ती सांगेल तिथे मी असते.

चौकट उघडली की ती म्हणते, "शोधा आणि बदला."
दार उघडल्याचं सांगते.
मी आत आले की उंबऱ्यावरच राहिले,
ते नाही सांगत.

एप्रिलात दर वाढला, एकशे बाराचा एकशे अठरा.
चौकट उघडून मी एकशे बारा लिहिलं, टॅब,
एकशे अठरा, एंटर.
बाईने वाचून दाखवलं, एक एक दोन, एक एक आठ.
आवाज तोच असतो हो,
चौकटीत लिहा
नाहीतर चौकटीमागे उघड्या राहिलेल्या तक्त्यात.

चौदाव्या ओळीत रुक्मा माजीकच्या
त्रेचाळीस किलो बिया
एकशे बारा झाल्या.

शनिवारी ती पैसे घेऊन गेली.
सोमवारी आली, पदराची गाठ सोडली,
टेबलावर नोटा ठेवल्या. बोंडांचा वास आला.
"म्हज्यो इतल्यो बियो नाशिल्ल्यो, बाय."
आठ हजार एकशे बेचाळीस.
वरचे दोन रुपयेसुद्धा.

उल्हासबाब चेअरमन दारात उभे होते.
त्यांनी पिएदादला विचारलं,
"हिका जमतलें मगो?"

मी दोन हातांवर होते.
खुर्चीत, इस्त्रीची साडी नेसून, तोंड असलेली.

बँकेत भावाला विचारतात, ह्या सही करतात ना?
दवाखान्यात भावाला विचारतात, यांना कुठे दुखतं?
भाऊ बिचारा माझ्याकडे बघत असेल,
मला काय माहीत.

त्या आठवड्यात मी एकेक करून पाहिलं.
एस्केप मारून चौकट पुन्हा उघडली:
कधी लागायची, कधी नाही.
एफ सहा: टूलबारातून गावभर फिरवून आणलं.
आल्ट-टॅब मात्र चालला.
दुसऱ्या खिडकीत उगाच डोकावून परत आलं
की चौकट ओळख दाखवते,
रुसलेल्या जावेकडे शेजारून फिरून यावं तशी.

पण आधी कळायला हवं ना, आपण आहोत कुठे.
म्हणून काहीही लिहिण्याआधी
खालचा बाण. एकदाच.
बाणाने काही उमटत नाही, काही पुसत नाही.
बाई म्हणाली "सी पंधरा", तर मी अजून बाहेर.
गप्प राहिली, तर आत.
तिच्या गप्प राहण्यावर इतका विश्वास
मी पूर्वी कधी ठेवला नव्हता.

मग एकदा उल्हासबाबांवरही दाबून पाहिला.
"उल्हासबाब, औंदूं हुर्राक कसो?"
निरुपद्रवी प्रश्न. उत्तर पिएदादकडे गेलं.
सी पंधरा.
मी पिएदादला चहा आणायला पाठवलं.
खोलीत लक्ष जायला आता
माझ्याशिवाय फक्त तिजोरी होती.
बुटांचा आवाज वळला.
"बरो आसा," ते म्हणाले, आणि जरा थांबून,
"तुका जाय?"

नव्या आवृत्तीत हे सगळं सुधारेल म्हणतात.
गेल्या वर्षीही म्हणत होते.
मी बाण सोडलेला नाही.

रुक्माला यातलं काही लागत नाही.
ती आधी माझ्या मनगटाला हात लावते, मग बोलते.
ह्या शनिवारी हात तेवढाच खरखरीत,
पोतं मात्र हलकं टेकलं जमिनीवर.
"एकतीस," ती म्हणाली, "बरय."
मी बाण दाबला, ऐकलं,
आणि लिहिलं. हंगाम संपत आलाय.